मुदतीची मोहीम : भारतातील हिवताप निर्मूलन, १९५३ ते १९७७

स्वतंत्र भारताने पहिल्या दोन दशकांत हाती घेतलेल्या सार्वजनिक आरोग्याच्या कामांमध्ये हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेइतके विस्तीर्ण काम दुसरे नव्हते, आणि तिच्याइतके झपाट्याने वर चढून तितक्याच झपाट्याने खाली आलेले कामही क्वचितच सापडेल. तिची कथा बहुधा दोन आकड्यांत सांगितली जाते : १९६५ मध्ये देशभरात नोंदले गेलेले हिवतापाचे रुग्ण सुमारे १ लाख होते आणि १९७६ मध्ये ते ६४ लाखांच्या पुढे गेले. या दोन आकड्यांमधील अंतराचे खापर डीडीटीला न जुमानणाऱ्या डासांवर फोडले जाते. हे स्पष्टीकरण खोटे नाही, परंतु अपुरे आहे. कारण डास कधी ना कधी डीडीटीला सरावणार हे मोहीम आखणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते, किंबहुना घाई करण्यासाठी त्यांनी पुढे केलेले मुख्य कारण तेच होते. मोहिमेचे दुखणे तिच्या रचनेत होते. तिची मुदत ज्यांच्या पैशाने आणि राजकारणाने ठरली ते एकीकडे होते, आणि मुदत संपल्यानंतरचे काम ज्यांच्या गळ्यात पडणार होते ते तालुक्याच्या गावातील, बहुतेक वेळा अर्धे रिकामे असलेले दवाखाने दुसरीकडे होते.

हिवतापाशी भारताचा संबंध जुना आणि जगाच्या वैद्यकीय इतिहासात मध्यवर्ती होता. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे अ‍ॅनाफिलीस जातीच्या डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले, आणि त्यानंतरच्या काळात कसौली येथे हिवतापाच्या संशोधनाचे केंद्र उभे राहिले. १९२७ मध्ये त्याला भारतीय हिवताप सर्वेक्षण संस्थेचे रूप आले आणि पुढे ते दिल्लीत हलवून मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या नावाने ओळखले जाऊ लागले. वसाहतकालीन शासनाने मात्र या ज्ञानाचा उपयोग मुख्यतः छावण्या, रेल्वे, चहाचे मळे आणि मोठी शहरे यांच्यापुरता केला. कसौलीच्या संस्थेचे प्रमुख जे. ए. सिंटन यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास केलेल्या अंदाजानुसार दरवर्षी किमान १० कोटी लोकांना हिवताप होत असे आणि त्यातून सुमारे १० लाख मृत्यू घडत. स्वातंत्र्याच्या वेळचा अधिकृत अंदाज वर्षाला ७.५ कोटी रुग्ण आणि ८ लाख मृत्यू असा होता. खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला क्विनीनच्या गोळ्या आल्या तर येत, आणि १९४२ मध्ये जावा बेट जपानच्या हाती गेल्यावर त्यांचाही जगभरचा मुख्य पुरवठा तुटला.

डीडीटीने ही परिस्थिती पालटली. हे रसायन १८७४ मध्येच तयार झालेले होते, पण कीटकांवरील त्याचा परिणाम बाझल येथील गायगी कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला, आणि त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धात सैन्याकरिता त्याचे प्रचंड उत्पादन झाले आणि युद्धाच्या अखेरीस ते नागरी उपयोगासाठी मिळू लागले. भारतातील त्याच्या पहिल्या मोठ्या ग्रामीण प्रयोगांपैकी एक मुंबई प्रांतात झाला. प्रांताच्या हिवताप संघटनेचे प्रमुख डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५-४६ पासून कारवार आणि धारवाड या त्या वेळी मुंबई प्रांतात असलेल्या जिल्ह्यांत घरोघर डीडीटीची फवारणी सुरू केली. कारवारच्या जंगलपट्टीत हिवतापामुळे गावेच्या गावे ओस पडल्याची उदाहरणे होती. प्लीहा वाढलेल्या मुलांचे प्रमाण हे त्या काळी एखाद्या गावातील हिवताप मोजण्याचे सर्वांत सोपे माप होते, आणि फवारणी झालेल्या गावांत ते भराभर खाली येऊ लागले. ही पद्धत पुढील वर्षांत प्रांताच्या इतर भागांत नेण्यात आली. दरडोई खर्च इतका कमी होता, की एरवी आरोग्याच्या खर्चाला हात आखडता घेणारे वित्त खातेही फार काळ विरोध करू शकले नाही. विश्वनाथन यांनी १९५८ मध्ये या साऱ्या कामाचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या उपशीर्षकात भारत-अमेरिका सहकार्याचा उल्लेख होता, आणि त्या वेळच्या परिस्थितीत ते यथार्थच होते.

फवारणीमागील तर्क समजून घेतल्याशिवाय मुदतीचा आग्रह समजत नाही. हिवताप पसरवणारी डासाची मादी रात्री माणसाला चावल्यानंतर रक्त पचवण्यासाठी बहुधा घराच्या भिंतीवर विसावते. भिंतीवर डीडीटीचा थर असेल तर तेथेच तिच्या पायांवाटे विष भिनते. तिच्या शरीरात गेलेला परजीवी पुढच्या माणसाला लागण करण्याइतका पक्व होण्यास १० दिवसांहून अधिक काळ लागतो, त्यामुळे गावातले सगळे डास मारण्याची गरज नसते. मादी तेवढे दिवस जगू नये इतके साधले तरी पुरते. लंडनचे जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात हे गणिताच्या भाषेत मांडले. त्याला दुसऱ्या एका निरीक्षणाची जोड मिळाली : नवी लागण थांबली, तर माणसाच्या शरीरातील व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी साधारण तीन वर्षांत आणि फाल्सिपेरम जातीचा त्याहून लवकर आपोआप संपतो. म्हणजे तीन-चार वर्षे एकही घर न सोडता फवारणी केली, तर त्यानंतर डास राहतील पण त्यांनी वाहून न्यावा असा परजीवी उरणार नाही, आणि मग फवारणी कायमची थांबवता येईल. रोग आटोक्यात ठेवणे म्हणजे नियंत्रण, त्याचा खर्च दरवर्षीचा. रोगाचा स्थानिक प्रसार पूर्णपणे तोडणे म्हणजे निर्मूलन, त्याचा खर्च एकदाच. मदत देणाऱ्या कोणत्याही सरकारला यातील कोणती कल्पना अधिक आवडेल, हे वेगळे सांगायला नको.

या कल्पनेला आंतरराष्ट्रीय धोरणाचे रूप आले ते शीतयुद्धाच्या ऐन भरात. जागतिक आरोग्य संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कामांमध्ये हिवतापाची प्रात्यक्षिक पथके होती. भारतात ती उत्तर प्रदेशाच्या तराईत, ओरिसातील जयपूर टेकड्यांत, मलबारातील एरनाड तालुक्यात आणि म्हैसूरच्या मलनाडात काम करत होती. सोव्हिएत संघ आणि त्याचे मित्रदेश १९४९ मध्ये संघटनेतून बाहेर पडले आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परतले. मे १९५५ मध्ये मेक्सिको सिटी येथे भरलेल्या आठव्या जागतिक आरोग्य सभेने जगभर हिवताप निर्मूलनाचा ठराव केला तेव्हा ते सभागृहात नव्हते. महासंचालक मार्कोलिनो कांदाऊ हे ब्राझीलचे होते आणि त्यांच्या देशाने रॉकफेलर फाउंडेशनच्या फ्रेड सोपर यांच्या देखरेखीखाली आफ्रिकेतून आलेली अ‍ॅनाफिलीस गॅम्बी ही डासाची जात १९४० मध्ये समूळ नष्ट करून दाखवली होती. सोपर यांची कार्यपद्धती जवळजवळ लष्करी होती : नकाशे, घरांचे क्रमांक, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी पोहोचलाच पाहिजे असा कर्मचारी आणि त्याच्या मागोमाग अचानक तपासणीला येणारा निरीक्षक. मेक्सिकोच्या ठरावाच्या समर्थनार्थ मांडलेला सर्वांत वजनदार मुद्दा प्रतिकारक्षमतेचा होता. ग्रीसमध्ये काही डास डीडीटीला दाद देत नसल्याचे १९५१ मध्येच दिसले होते. तेव्हा हे हत्यार बोथट होण्यापूर्वी काम उरकून घ्यावे, असे प्रतिपादन करण्यात आले. भारतातील पुढील घटनांचा विचार करता या युक्तिवादात एक विलक्षण धोका होता, कारण त्यात काम वेळेत उरकले नाही तर काय करायचे याची कोणतीही तरतूद नव्हती.

निर्मूलनासाठी संघटनेने उघडलेल्या विशेष खात्यात बहुतांश पैसा अमेरिकेचा होता. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी जानेवारी १९४९ मध्ये जाहीर केलेल्या तांत्रिक साहाय्याच्या धोरणापासूनच गरीब देशांतील रोगराई हा साम्यवादाच्या प्रसाराशी जोडलेला विषय बनला होता, आणि जानेवारी १९५८ च्या अमेरिकी काँग्रेसपुढील भाषणात अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी हिवतापाविरुद्धच्या पाच वर्षांच्या लढ्यात सामील होण्याचे जाहीर आवाहन सोव्हिएत संघालाच केले. सोव्हिएत संघाने त्याच वर्षी मिनिआपोलिस येथील आरोग्य सभेत, उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह यांच्यामार्फत, देवी रोगाच्या जागतिक निर्मूलनाचा प्रस्ताव मांडून वेगळीच वाट सुचवली. एका महासत्तेच्या वाट्याला डास आणि दुसरीच्या वाट्याला देवी, अशी ही विभागणी कोणी ठरवून केली नव्हती, पण प्रत्यक्षात काही वर्षे चित्र तसेच होते.

भारताने मेक्सिकोच्या ठरावाची वाट पाहिली नव्हती. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या कारकिर्दीत, एप्रिल १९५३ मध्ये, राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता आणि त्यासाठी लागणारी डीडीटी पावडर, वाहने व फवारणीची साधने मोठ्या प्रमाणावर अमेरिकी तांत्रिक साहाय्यातून आली होती. अलिप्ततेचे धोरण चालवणाऱ्या सरकारने ही मदत घेताना स्वतःच्या उत्पादनाचीही तजवीज केली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने दिल्लीत हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा डीडीटी कारखाना १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला, दुसरा केरळात अलुवा येथे उभा राहिला, आणि पुढे कंपनीचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे आला. या कारखान्यांनी गरज पूर्णपणे कधीच भागवली नाही, आणि आयातीवरचे अवलंबन मोहिमेच्या अखेरपर्यंत सुटले नाही.

नियंत्रण कार्यक्रमाच्या यशाने धीर येऊन आणि आंतरराष्ट्रीय दडपणालाही मान देऊन एप्रिल १९५८ मध्ये सरकारने त्याचे रूपांतर राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रमात केले. आरंभी २३० पथके होती आणि दोन-तीन वर्षांत त्यांची संख्या ३९० च्या आसपास गेली. सुमारे १० लाख लोकसंख्येमागे एक पथक हे प्रमाण होते. कामाचे टप्पे जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्याप्रमाणे चार होते. पूर्वतयारीनंतर येणाऱ्या आक्रमणाच्या टप्प्यात वर्षातून दोन फेऱ्यांत सर्व घरांवर फवारणी करायची. दृढीकरणाच्या टप्प्यात फवारणी थांबवून उरलासुरला प्रत्येक रुग्ण हुडकून त्याला औषध द्यायचे. आणि संरक्षणाच्या टप्प्यात हे लक्ष ठेवण्याचे काम नेहमीच्या आरोग्य यंत्रणेकडे सोपवून मोहीम विसर्जित करायची.

कागदावर नीटनेटकी दिसणारी ही रचना गावपातळीवर अंगमेहनतीची होती. हंगामापुरते घेतलेले मजूर बादलीत पाण्यात कालवलेली पावडर आणि हातपंप घेऊन घरोघर जात. त्याआधी घरातील धान्य, भांडीकुंडी, पाळणे बाहेर काढावे लागत. स्वयंपाकघर आणि देवघर यांत शिरू न देणारी घरे बरीच असत. भिंतीवर पांढरा, वास मारणारा थर राहत असल्याने दिवाळीच्या किंवा लग्नाच्या तोंडावर भिंती सारवल्या, की महिन्याभरापूर्वीचे विष शेणमातीखाली गाडले जाई. फवारणीने आधी ढेकूणही मरत, म्हणून लोक तिचे स्वागत करत. पुढे ढेकूण डीडीटीला सरावले आणि तेव्हापासून दारे बंद होऊ लागली, ही गोष्ट अहवालांपेक्षा कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात अधिक येत असे. दृढीकरणाच्या टप्प्यात सुमारे १० हजार वस्तीमागे एक सर्वेक्षण कर्मचारी नेमला होता, आणि त्याने दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जाऊन ताप आलेल्या माणसाचे बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा नमुना घ्यावा, त्याला क्लोरोक्वीनच्या गोळ्या द्याव्यात आणि घराच्या भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत भेटीची तारीख लिहावी, असा नियम होता. काचपट्ट्या प्रयोगशाळेत जात आणि तेथे त्यांचा ढीग साचे. तपासणी आठवडे न् आठवडे रेंगाळली, तर तोवर रुग्णाला पुन्हा डास चावून गेलेले असत. संपूर्ण तर्क वेगावर उभा असलेल्या कार्यक्रमात ही दिरंगाई किरकोळ नव्हती.

तरीही पहिल्या काही वर्षांतील यश खरे होते आणि त्याकडे नंतरच्या अपयशाच्या चष्म्यातून पाहणे अन्यायाचे ठरेल. १९६१ मध्ये नोंदलेले रुग्ण ५० हजारांच्या आत आले. १९६५ मध्ये हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. हिमालयाच्या पायथ्याची तराई, जेथे पूर्वी मुक्काम करणेही धोक्याचे समजत, ती नांगराखाली आली. शेजारच्या सिलोनमध्ये १९६३ या संपूर्ण वर्षात अवघे १७ रुग्ण सापडले, आणि तेथील फवारणी थांबवण्यात आली. १९६८-६९ मध्ये त्याच बेटावर लाखो लोकांना हिवताप झाला. भारतातील अधिकाऱ्यांनी या बातमीकडे जितक्या गांभीर्याने पाहायला हवे होते तितके पाहिले गेले नाही.

खरी अडचण संरक्षणाच्या टप्प्याची होती. हिवतापमुक्त झालेला मुलूख ज्या आरोग्य यंत्रणेकडे सोपवायचा होता, ती अनेक जिल्ह्यांत अस्तित्वातच नव्हती. भोर समितीने १९४६ मध्ये सर्व गावांना उपचार आणि प्रतिबंध या दोन्ही सेवा एकत्र देणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे सुचवले होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून केंद्रे उघडू लागली, पण इमारत आहे तर डॉक्टर नाही आणि डॉक्टर आहे तर औषध नाही, अशी बहुतेकांची अवस्था होती. एका रोगापुरती, वरून खाली आदेश देणारी, स्वतःच्या जीपगाड्या आणि स्वतःचे कर्मचारी असलेली मोहीम उभारल्यामुळे या केंद्रांकडे जाणारा पैसा आणि माणसे काही प्रमाणात वळवली गेली, आणि मग पाच-सहा वर्षांनी त्याच केंद्रांनी मोहिमेचे ओझे उचलावे अशी अपेक्षा ठेवण्यात आली. १९६३ च्या चढ्ढा समितीने यावर तोडगा म्हणून दर १० हजार लोकांमागे एक मूलभूत आरोग्य कर्मचारी नेमून त्याच्याकडे हिवतापावर लक्ष ठेवण्याबरोबर जन्ममृत्यूच्या नोंदी आणि कुटुंबनियोजनाचे काम द्यावे असे सुचवले. दोन-तीन वर्षांतच, या ओझ्याखाली हिवतापही नीट पाहिला जात नाही आणि कुटुंबनियोजनही होत नाही असे दिसल्यावर, मुखर्जी समितीने ही कामे वेगळी करण्याची शिफारस केली. समित्या बदलत होत्या, पण गावात फिरणारा माणूस तोच होता.

दरम्यान डासांनीही आपली वाट शोधली. ग्रामीण भारतातील हिवतापाचा मुख्य वाहक असलेला अ‍ॅनाफिलीस क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देत नसल्याचे १९५९ मध्ये पंचमहाल जिल्ह्यात आढळले, म्हणजे निर्मूलन कार्यक्रमाला जेमतेम वर्ष झाले असतानाच आणि योगायोगाने ज्या राज्यातून भारतातील डीडीटीची कीर्ती पसरली त्याच तत्कालीन मुंबई राज्यात. कापूस आणि भाजीपाल्यावर पडणाऱ्या कीटकनाशकांनी या प्रक्रियेला हातभार लावला. शहरांचा प्रश्न निराळा होता. कार्यक्रमाने ४० हजारांहून अधिक वस्तीची शहरे आपल्या कक्षेबाहेर ठेवून तेथील डासअळ्या नष्ट करण्याचे काम नगरपालिकांवर सोपवले होते. शहरी हिवतापाचा वाहक अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्साय विहिरी, हौद आणि छपरांवरील टाक्यांत वाढतो, हे मुंबईला फार पूर्वीपासून माहीत होते; चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या आणि गॉर्डन कॉव्हेल यांच्या १९२८ च्या अहवालांनी शहरातील विहिरी बंद करण्याचा आग्रह धरला होता आणि त्यावरून पारशी व हिंदू समाजांत धार्मिक कारणाने मोठा वादही झाला होता. ज्ञानाची उणीव नव्हती. परंतु ज्या नगरपालिकांना रस्त्यावरचे गटार धड साफ ठेवता येत नव्हते त्यांच्या भरवशावर देशाच्या निर्मूलनाची अर्धी बाजू उघडी सोडली गेली, आणि खेड्यातून हाकललेला हिवताप शहरात टिकून राहून मजुरांबरोबर पुन्हा खेड्यात जाऊ लागला. मढोक समितीने १९७० मध्ये या त्रुटीवर बोट ठेवल्यावर १९७१ पासून शहरांसाठी स्वतंत्र योजना सुरू झाली. तोवर दशक उलटून गेले होते.

पैसा मात्र ठरल्या वेळी आटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या विशेष खात्याला मिळणारी मोठी अमेरिकी देणगी १९६३ च्या सुमारास थांबली, कारण वॉशिंग्टनमध्ये हा पाच वर्षांचा खर्च म्हणूनच मंजूर करून घेण्यात आला होता. भारताला होणारी थेट मदत, काही अंशी अमेरिकेच्या पीएल ४८० या धान्य-साहाय्याच्या करारानुसार आलेल्या गव्हाच्या विक्रीतून साठलेल्या रुपयांच्या स्वरूपात, त्यानंतरही चालू राहिली. पण १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतर भारत आणि अमेरिका यांचे संबंध बिघडले आणि आयात होणारी पावडर फवारणीचा हंगाम उलटून गेल्यावर बंदरात येण्याचे प्रसंग वाढले. आंतरराष्ट्रीय आस्थाही दुसरीकडे वळली. १९६६ मध्ये देवी निर्मूलनाच्या वाढीव कार्यक्रमाला आरोग्य सभेने अगदी निसटत्या बहुमताने मान्यता दिली, आणि कांदाऊ यांनी त्याचे प्रमुखपद अमेरिकेच्या डी. ए. हेंडरसन यांना द्यायला लावले ते अपयश आल्यास दोष अमेरिकेच्या माथी जावा म्हणून, असे पुढे स्वतः हेंडरसन यांनीच सांगितले आहे. हिवतापाचा अनुभव इतका पोळणारा ठरला होता. देवी रोगाला डासासारखा वाहक नव्हता, प्राण्यांत आसरा नव्हता, रुग्ण चेहऱ्यावरून ओळखता येत असे आणि लशीचा परिणाम वर्षानुवर्षे टिके. म्हणून तेथे जे १९७५ पर्यंत भारतात साधले ते येथे साधणे अवघड होते.

जुलै १९६९ मध्ये बोस्टन येथे भरलेल्या आरोग्य सभेने जागतिक हिवताप धोरणाचा फेरविचार करून, जेथे निर्मूलन नजीकच्या काळात शक्य नाही तेथे नियंत्रणावर समाधान मानावे असे सुचवले. अमेरिकेने १९७२ मध्ये स्वतःच्या देशात डीडीटीचा बहुतेक सर्व वापर बंद केला, आणि १९७३ च्या तेलसंकटाने तेलापासून बनणाऱ्या कीटकनाशकांच्या किमती भडकवल्या. त्याच वर्षी आसामच्या कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्वीनला न जुमानणारा फाल्सिपेरम परजीवी भारतात प्रथमच आढळला. दृढीकरणाच्या किंवा संरक्षणाच्या टप्प्यात गेलेले मुलूख एकामागून एक पुन्हा आक्रमणाच्या टप्प्यात आणावे लागले, आणि प्रत्येक वेळी अधिक पावडर, अधिक मजूर लागत होते, जे अंदाजपत्रकात नव्हते.

१९७६ चा उद्रेक आणीबाणीच्या वर्षी झाला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. त्या वर्षी राज्यांची आरोग्य खाती नसबंदीचे उद्दिष्ट गाठण्यात गुंतली होती आणि १९७६-७७ मध्ये देशभरात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. ज्या कर्मचाऱ्याने घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, त्याच्यावर नसबंदीच्या आकड्यांचीही सक्ती होती. त्याला पाहून लोक दारे लावून घेत असतील, तर त्यात नवल नव्हते.

एप्रिल १९७७ मध्ये अमलात आलेल्या सुधारित कार्ययोजनेने निर्मूलन हा शब्द कार्यक्रमाच्या नावात तसाच ठेवला, परंतु उद्दिष्टे बदलली : हिवतापाने मृत्यू होऊ न देणे, आजारपण कमी करणे, शेती व उद्योगांचे उत्पादन टिकवणे आणि आतापर्यंत मिळवलेले हातचे जाऊ न देणे. फवारणी सर्वत्र न करता, जेथे हजार लोकसंख्येमागे वर्षाला दोन किंवा अधिक रुग्ण सापडतील तेथेच करायची असे ठरले. पथकांची सीमा जिल्ह्याच्या सीमेशी जुळवून जिल्हा हिवताप अधिकारी हे पद निर्माण झाले, आणि फाल्सिपेरम हिवतापासाठी स्वीडनच्या साहाय्याने स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. गोळ्या वाटण्याची केंद्रे गावातील शिक्षक, पोलीस पाटील आणि स्वयंसेवक यांच्या घरी उघडण्यात आली. या वेळी कोणतीही अखेरची तारीख जाहीर करण्यात आली नाही.